रॉकेलची उलट वकिली

आधीच सांगून ठेवते, त्या आठवड्यात आमच्यापैकी एकाचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळ्यात कमी माझं, आणि मी टीमची प्रमुख होते.

आम्ही पाच जण. कॉलेजच्या मागच्या अंगाला, वर्कशॉपशेजारच्या एका खोलीत दीड वर्षं रॉकेटचं इंजिन बनवत होतो. अख्खं रॉकेट नव्हे हं, नुसतं इंजिन. ते लोखंडी चौकटीला आडवं घट्ट बांधायचं, दहा सेकंद पेटवायचं आणि ते जागच्या जागी राहिलं तर टाळ्या वाजवायच्या. हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे उडत नाही?" नाही उडत! तुमची स्कूटर उडते का? मग तिला काय घरी बसवलंत?

तर, मला ठिणगी म्हणतात. इंजिन पेटवायची जोडणी माझ्याकडे म्हणून, असं मी सांगते. बाकीचे चौघं दुसरं कारण सांगतात. ते चौघं म्हणजे: भोंगा, ज्याचं कुजबुजणंसुद्धा जिन्यात ऐकू जातं. आकडे, जो "भूक लागली" म्हणायच्या ऐवजी "शेवटचं खाऊन पाच तास वीस मिनिटं झाली" म्हणतो. नळी, ही उंच, सडपातळ आणि आमच्या सगळ्या पाइपांची आणि व्हॉल्व्हची मालकीण. आणि मौनी. मौनी दिवसाला सरासरी चार शब्द बोलतो, हे आकड्यानं मोजलेलं आहे.

इंजिन तांब्याचं होतं आणि एकच होतं. मौनीनं आठ महिने लेथवर उभं राहून ते घडवलं होतं. पहिले तीन तुकडे वाया गेले, चौथा जमला. त्याच्या भिंतीत बत्तीस बारीक वाटा कोरलेल्या, एकेक मिलिमीटर रुंदीच्या. इंधन पेटायच्या आधी त्या वाटांतून फिरून येतं आणि भिंत गार ठेवतं. नाहीतर आतली आग तांब्याचं पाणी करेल. वाटा कोरून झाल्यावर वरून कवच पक्कं जोडून टाकलेलं, म्हणजे आता आत बघायची सोय नाही. मौनी रोज संध्याकाळी ते इंजिन मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि कुलूप दोनदा ओढून बघायचा. पाचवा तुकडा मिळणार नव्हता, आणि आम्हा सगळ्यांचं हे शेवटचं वर्ष. इंजिन गेलं की सगळं गेलं.

सोबत जाळायला द्रवरूप ऑक्सिजन ठरलेला होता. त्याच्याबरोबर इंधन कोणतं, एवढंच राहिलं होतं. दोन उमेदवार होते, रॉकेल आणि अल्कोहोल.

आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी सोमवारी सांगितलं, "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत इंधनाचं नाव लिहून, पाचही जणांच्या सह्यांनिशी कागद माझ्या टेबलावर हवा. नाहीतर चाचणीची जागा दुसऱ्या टीमला जाईल. आणि पुन्हा मिळणार नाही."

आता दोन नावांतून एक निवडायला असा किती वेळ लागतो? नाणं उडवलं तरी होतं. पण आमच्याकडे नियम होता.

नियमाची गोष्ट अशी. दुसऱ्या सहामाहीत भोंगा आणि मी एका व्हॉल्व्हवरून भांडलो आणि सहा आठवडे एकमेकांशी बोललो नाही. एकाच टेबलावर समोरासमोर बसून चिठ्ठ्या पाठवायचो. मधे नळी बसायची, पोस्टमन. शेवटी सरांनी कपाळाला हात लावला आणि नियम घालून दिला: एकदा मत दिलं की प्रत्येकानं विरुद्ध बाजूची वकिली करायची. तीही उरकल्यासारखी नाही, समोरचा "हो, मला अगदी हेच म्हणायचं होतं!" असं म्हणेपर्यंत. मग पुन्हा मत. दोन्ही वेळा निकाल एकच आला तरच तो निर्णय. आम्ही त्याला उलट वकिली म्हणायचो, आणि खरं सांगते, नियम सोन्यासारखा होता. आमची चूक एवढीच झाली की वर्षभरात आम्हाला तो फार चांगला जमायला लागला.

मंगळवारी पहिलं मत घेतलं. रॉकेल तीन, म्हणजे भोंगा, आकडे आणि मौनी. अल्कोहोल दोन, नळी आणि मी.

मग उलट वकिली. भोंगा उठला आणि अल्कोहोलवर असा काही बोलला की काय सांगू! "अरे, स्वच्छ जळतं! पाण्यात मिसळतं! पाणी मिसळलं की आच कमी, भिंत गार! आपलं पहिलं इंजिन आहे, त्याला जपायचं की त्याची परीक्षा बघायची?" खिडकीच्या काचा थरथरल्या. आकड्यानं फळ्यावर तापमानाचा आलेख काढला. मौनी एकच शब्द बोलला, "सौम्य." तो शब्द त्यानं इतक्या मायेनं उच्चारला की नळीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्हीही कमी नव्हतो. मी रॉकेलची बाजू घेतली. कमी जागेत जास्त ताकद, टाकी छोटी, हवेतलं पाणी शोषत नाही, आज भरलेलं महिन्यानं तसंच. मोठमोठी रॉकेटं त्यावर उडतात, ते सगळे काय उंटावरचे शहाणे आहेत? नळीनं पाइपांचा हिशेब मांडला. "हो, हेच! अगदी हेच!" भोंगा टेबल बडवत ओरडला.

दुसरं मत घेतलं. अल्कोहोल तीन, रॉकेल दोन.

मी परत मोजलं. बरोबर होतं. भोंगा, आकडे आणि मौनी अल्कोहोलकडे गेले होते, नळी आणि मी रॉकेलकडे. पाचच्या पाच जणांनी एकमेकांना पटवलं होतं. नळी जी हसत सुटली ती टेबलाखालीच गेली.

बुधवारी पुन्हा. नियम म्हणजे नियम, आता ज्याची जी नवी बाजू त्याच्या उलट वकिली. म्हणजे भोंगा परत रॉकेलवर, मी परत अल्कोहोलवर. आदल्या दिवसापेक्षा भारी बोललो, कारण आता दोन्हीकडचे मुद्दे पाठ होते. मत घेतलं, सगळे परत आपापल्या जुन्या जागी. रॉकेल तीन, अल्कोहोल दोन. भोंगा हसता हसता खुर्चीवरून पडला. आकडे म्हणाला, "या गतीनं आपण अनंतापर्यंत जाऊ शकतो, मी तपासलंय." मौनी भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की काय म्हणून मी धावले, तर पठ्ठ्या तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

त्याच वेळी सर दारात. त्यांनी फळा बघितला, त्यावरचे खोडलेले आकडे बघितले, पुन्हा टेबलाखाली गेलेली नळी बघितली. "तुम्ही इंधन निवडताय की संगीत खुर्ची खेळताय?" म्हणाले, आणि निघून गेले. त्यानंतर तर आम्हाला श्वासच घेता येईना.

हसू ओसरलं. दोन दिवस राहिले होते. मौनीनं इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवायची, इंधन आत फवारणारी चकती ड्रिलखाली तयार ठेवली होती, कोरी. इंधन कळल्याशिवाय भोकं किती मोठी पाडायची ते ठरत नाही. तो त्या चकतीवरून अंगठा फिरवत मला म्हणाला, "चुकलं तर जळेल ना?"

एवढं लांब वाक्य त्यानं वर्षात म्हटलं नव्हतं. मी "नाही रे" म्हणाले, पण माझी पाचावर धारण बसली होती. कागदावर प्रमुख म्हणून पहिली सही माझी.

आणि आता एक कबुली. मी सुरुवातीला अल्कोहोल का म्हणाले होते? फळ्यावर मी गार भिंत, स्वच्छ ज्वाला असं पुष्कळ लिहिलं. खरं कारण माझं नाक होतं. मला रॉकेलचा वास सहन होत नाही.

माझे बाबा स्टोव्ह दुरुस्त करतात. चाळीस वर्षं. बाजाराच्या कोपऱ्यावर दोन माणसं जेमतेम मावतील एवढं दुकान, भिंतीवर पितळी टाक्या टांगलेल्या, एका डब्यात बर्नर, दुसऱ्यात वॉशर, आणि बाबांच्या खिशाला कायम एक पिन खोचलेली, चोंदलेलं भोक मोकळं करायची. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं ते काळंच. साबण हरला, आई हरली. लहानपणी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले की ते त्या बोटानं माझ्या नाकाच्या शेंड्यावर ठिपका लावायचे. "झालं, सील मारलं. आता हा माल आमचा." मला ते फार आवडायचं. मग सातवीत वर्गातल्या मुलींनी मला "रॉकेल" म्हणायला सुरुवात केली, आणि मी दुकानात जायचंच सोडलं. टीमला मी सांगितलं होतं की माझे वडील ऊर्जा क्षेत्रात आहेत. लाज वाटायची, दुसरं काय. आज त्या लाजेची लाज वाटते.

बुधवारच्या निकालानंतर गुरुवारी मला पुन्हा रॉकेलची वकिली करायची होती आणि माझ्याकडचे मुद्दे संपले होते. सकाळी केस विंचरता विंचरता एकदम उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी वही घेतली आणि दुकानात गेले.

बाबा एका टाकीत हवा भरत होते. मला बघून पंपावरचा हात थांबला. "काय गं? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे हो. बाबा, मला रॉकेलविषयी सांगा. चांगलं काय काय आहे त्याच्यात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दहावीचा निकाल सांगितला. मग स्टूल पुसलं, परत पुसलं, मला बसवलं आणि सुरू झाले. रॉकेल कसं भरवशाचं, कसं बाटलीत वर्षभर ठेवलं तरी रुसत नाही, कसं पेट्रोलसारखं अंगावर येत नाही, सांडलं तर पुसायला वेळ देतं. कुठलं खरं आणि कुठलं भेसळीचं ते नुसतं बोटावर चोळून कसं कळतं. मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाले, "नंतर या, माझी मुलगी शिकतेय." मी लिहीत होते आणि ते बोलत होते, आणि मला आठवेना की त्यांना इतकं बोलताना मी शेवटचं कधी ऐकलं होतं.

पाच पानं भरली. मग त्यांनी विचारलं, "पण तुझं ते इंजिन कसं आहे? काढ बघू."

मी काढलं. तांब्याची भिंत, भिंतीतल्या बत्तीस वाटा, त्यांतून फिरणारं इंधन.

"या वाटा केवढ्या?"

"एक मिलिमीटर."

"आणि साफ कशा करणार?"

"साफ नाही करता येत. वरून बंद आहेत."

 बाबांनी खिशाची पिन काढली, तिच्याकडे बघितलं, परत खोचली. मग बर्नरच्या डब्यात हात घालून एक जुना बर्नर निवडला, लोखंडी पकडीत धरला आणि करवतीनं त्याचे उभे दोन भाग केले. एक अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"बघ. स्टोव्हमध्ये पण तसंच असतं. रॉकेल आधी या तापलेल्या नळीतून वर जातं, मग पेटतं."

नळीच्या आत काळा, दगडासारखा कडक थर बसला होता. मधे जेमतेम सुईएवढी वाट उरली होती. मी नखानं खरवडलं, निघेना.

"किती दिवसांचं हे?"

"वर्षभराचं असेल. पण साध्या स्टोव्हच्या आचेवर. तुझी आच किती?"

"तीन हजार अंश. आतमध्ये."

बाबा हसले. खरंच हसले, पोट धरून. "तीन हजार! अगं, मग रॉकेल कशाला घालतेस त्यात? पोरी, मी चाळीस वर्षं जेवतोय ते रॉकेल चोंदवतं म्हणून. ते चोंदलं नसतं तर माझ्याकडे कोण आलं असतं? मला पिन घालता येते. तुला कुठे येणार?"

"पण बाबा, मला आज दुपारी रॉकेलच्या बाजूनं बोलायचंय." मी त्यांना नियम सांगितला. उलट वकिली, तीन-दोन, दोन-तीन, सगळं. त्यांना फारच आवडलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे रॉकेलवाल्यानं रॉकेलच्या विरुद्ध बोलायचं? मग मी येतो की! माझ्यापेक्षा मोठा रॉकेलवाला कुठून आणणार तुम्ही?"

मी नको म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी तोवर दुकानाचं फळकूट लावायला घेतलं होतं, आणि भर दिवसा ते फळकूट त्यांनी माझ्या आठवणीत फक्त आजी गेली तेव्हा लावलं होतं. मी दुसरी बाजू धरली.

दुपारी दोन वाजता मी आमच्या खोलीचं दार उघडलं. मागे बाबा, अंगात कामाचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत बर्नर खुळखुळतायत.

"हे माझे वडील," मी म्हणाले. कान गरम झाले होते. "स्टोव्ह दुरुस्त करतात."

 भोंगा ओरडला, "अगं, मग ऊर्जा क्षेत्रच की! काका, बसा!" आणि स्वतःची खुर्ची दिली. मी इतकी वर्षं ज्याला घाबरले होते ते एवढ्यात संपलं. मला हसावं की भोंग्याला फटका मारावा, कळेना.

नियमानं आधी मी बोलले. रॉकेलची वकिली, वहीतली पाचही पानं. मनापासून बोलले, बाबांच्याच शब्दांत. ते भरवशाचं आहे, ते रुसत नाही, सांडलं तर पुसायला वेळ देतं.  बाबा मान डोलावत होते, आणि शेवटी हळूच म्हणाले, "हो. अगदी हेच म्हणायचं होतं मला."

मग ते उठले. भाषण वगैरे काही नाही. पिशवीतून कापलेला बर्नर काढून टेबलावर ठेवला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घ्या, बघा."

आकडे लगेच म्हणाला, "पण काका, हे वर्षभराचं. आमचं इंजिन फक्त दहा सेकंद चालणार. दहा सेकंदांत एवढं बसणार नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. "मग दुसऱ्यांदा पेटवाल तेव्हा?"

आकडे कागद चाळायला लागला.

"म्हणजे? एकदा पेटवून टाकून देणार?" बाबांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "एवढं सुंदर तांबं?"

मी शपथेवर सांगते, दीड वर्षात हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. आम्ही त्या पहिल्या दहा सेकंदांना इतके घाबरलो होतो की अकराव्या सेकंदाचा विचारच केला नव्हता. आकडे, ज्याला दुपारच्या चहातले घोट मोजता येतात, त्याच्या एकाही कागदावर "दुसरी चाचणी" हे शब्द नव्हते. तो कागद उलटेपालटे करून शोधत होता बिचारा.

मौनीनं अर्धा बर्नर उचलला. खिडकीपाशी नेला, उजेडात धरून त्या काळ्या थराकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हे माझ्या इंजिनात नको."

मत घेतलं. अल्कोहोल पाच, रॉकेल शून्य. नियमाप्रमाणे परत उलट वकिली केली, भोंग्यानं रॉकेलसाठी जीव तोडला, पण बर्नर टेबलावर पडला होता. परत पाच-शून्य. मोठी माणसं रॉकेल वापरतात, त्यांना ते जमतं, त्यांच्याकडे पाचवा तुकडाही असतो. आम्ही पाच जणांनी सह्या केल्या.

मग आकड्यानं बाबांना समजावलं की शंभरात पंचवीस भाग पाणी घालणार. बाबा ताडकन उभे राहिले. "पाणी? इंधनात पाणी? अरे, मी आयुष्यभर पाणी घालणाऱ्यांशी भांडलो! दोन दुकानदारांशी अजून बोलत नाही मी!" त्यांना आलेख दाखवला, आच कशी उतरते ते दाखवलं, तेव्हा कुठे बसले. तरी जाताना दारात माझ्या कानाशी म्हणाले, "पाण्याचं बाहेर कुणाला सांगू नकोस."

घरी आईला कळलं ते असं की मुलीनं आणि बापानं मिळून अल्कोहोल ठरवलंय. तिनं भांडं ओट्यावर आपटलं आणि म्हणाली, "ठरवा हं, दोघंही ठरवा! मी माझ्या बहिणीकडे जाते." तिला समजावताना बाबांची आणि माझी पळता भुई थोडी झाली.

चाचणी पुढच्या महिन्यात झाली, सकाळी दहाला, दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीत. चौकट जमिनीत पक्की पुरलेली, इंजिन आडवं बांधलेलं, आणि आम्ही सगळे लांब, मातीच्या पोत्यांच्या भिंतीमागे. बाबा आले होते, दुकानाला पुन्हा फळकूट लावून. मौनी पोत्याला कपाळ टेकवून खाली बसला होता आणि बघायला तयार नव्हता. नळी तिच्या व्हॉल्व्हची नावं एकामागून एक पुटपुटत होती. माझ्या हातात पेटवायचं बटण, आणि अंगठा त्याच्यावर आधीच असा टेकलेला की सरांनी विचारलं, "उलटी मोजणी चालू असताना मधेच दाबणार नाहीस ना?"

दाबलं. वेळेवर.

आधी फट्ट असा एक फालतू आवाज झाला आणि माझं काळीजच बंद पडलं. मग ते गर्जलं. छातीत, दातांत, पायाखालच्या दगडात. भोंगा काहीतरी ओरडत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. पोत्यांच्या फटीतून ज्वाला दिसली, सरळ, फिकट, उन्हात जेमतेम दिसणारी.

बाबांनी माझा दंड घट्ट धरला. "निळी आहे!" ते ओरडत होते. "अगं, निळी आहे! पिवळा एक डाग नाही! निळी!" स्टोव्हवाल्याला याहून मोठी गोष्ट नसते. पिवळी म्हणजे भांडं काळं, निळी म्हणजे काम चोख.

आकडे मोठ्यानं सेकंद मोजत होता. दहा म्हणाला आणि नळीनं व्हॉल्व्ह बंद केला. एकदम शांतता. कुठेतरी एक पक्षी बोलला. आणि मग आम्ही काय केलं ते विचारू नका. नळीनं सरांना मिठी मारली. भोंगा गोल गोल पळत सुटला. मौनीनं अजून डोळे उघडले नव्हते, तो खालूनच विचारत होता, "आहे का? आहे का?"

"आहे रे, आहे! आख्खं आहे!" मी ओरडले, आणि रडायलाच लागले.

टाक्या तपासून, नळ्या मोकळ्या करून, सगळं पुरतं गार झाल्याची खात्री करून सरांनी जवळ जायची परवानगी दिली, तोवर तासभर गेला. मौनी सर्वांत पुढे. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि ठरलेलं मऊ फडकं खिशातून काढून हातात नुसतंच धरून उभा राहिला.

बाबा वाकले. त्यांनी ते जन्माचं काळं बोट इंजिनाच्या तोंडात घातलं आणि आतून गोल फिरवलं, गिऱ्हाइकाचा बर्नर तपासतात तसं. बोट बाहेर काढून उजेडात धरलं. उलटं करून बघितलं. मग वळले आणि काही कळायच्या आत माझ्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही," बाबा म्हणाले. त्यांना विश्वास बसत नव्हता. "अगं, काहीच लागलं नाही बघ!"

नळीनं माझं नाक बघितलं, आकड्यानं जवळ येऊन बघितलं, भोंग्यानं सगळ्या खाणीला ओरडून सांगितलं की नाक स्वच्छ आहे. मी त्या स्वच्छ नाकाला हात लावला, आणि मला वाटलं, ठिपका असता तरी चाललं असतं. आज मी तो पुसला नसता.

बाबांनी सरांकडे बघितलं. "साहेब, जागा तुमच्याकडे किती वाजेपर्यंत आहे?"

"एक वाजेपर्यंत."

"आणि टाकीत?"

"अजून एकदा पुरेल," आकडे म्हणाला. या वेळी त्याच्या कागदावर ते लिहिलेलं होतं.

सरांनी घड्याळ बघितलं, मग मौनीकडे बघितलं. त्याचं इंजिन, शेवटचा शब्द त्याचाच. मौनीनं फडक्याची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि पोत्यांच्या भिंतीकडे चालायला लागला. या वेळी त्याला उभं राहून बघायचं होतं.

बाबांनी बटणाची पेटी उचलून माझ्या हातात दिली. "चल," म्हणाले, "परत पेटव."